तक्त्यात न बसलेली गिधाडं

आकाश मोजायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा माझ्या नोकरीला पाच वर्षं झाली होती. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. तोवर रस्ते, मोऱ्या, तलावांचे पाट असलं जमिनीला धरून असलेलंच काम केलं होतं. गाव माझं दवनीवाडा, घर धानाच्या शेतीचं. वर पाहायचं ते पाऊस येतो की नाही एवढ्यापुरतं.

गोंदियापासून काही मैलांवर, बाघ नदीच्या अलीकडे, युद्धाच्या काळात इंग्रजांनी एक धावपट्टी बांधली होती. युद्ध संपलं, विमानं गेली, पट्टी राहिली. आजूबाजूच्या गावांतले लोक तिच्यावर उन्हाळ्यात मोहफुलं वाळत घालायचे. आता तिथे कायमचा विमानतळ करायचा असा प्रस्ताव निघाला होता. पट्टी दुरुस्त करणं सोपं होतं, अवघड होतं ते तिच्यावरचं आकाश. विमान लांबून, अगदी हलक्या उताराने खाली येतं. पट्टीच्या टोकापासून पन्नास फूट दूर गेलं की एक फूट उंच, अशी ती उतरायची वाट वर चढत जाते. त्या वाटेत झाड, देऊळ, धुराडं, टेकडी, जे काही डोकं वर काढेल त्याची उंची मोजून एका तक्त्यात भरायची. त्याला अडथळ्यांचा तक्ता म्हणत.

पट्टीच्या नैऋत्येला गोंदियाच्या भातगिरण्यांची धुराडी, रेल्वेची लाइन आणि एक बुटकी टेकडी होती. ईशान्येला नदी आणि नदीपलीकडे रान. कागदावर पाहणारा कोणीही म्हणाला असता की ईशान्येची बाजू मोकळी आहे.

माझ्याबरोबर मोजणीला जी माणसं होती त्यांत सगळ्यात जुना साखळीवाला होता. पट्टीला लागून असलेल्याच गावचा, पन्नाशी ओलांडलेला. त्याच्या घराण्याकडे गावची मेलेली ढोरं ओढून नेण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. उरलेल्या दिवसांत तो आमच्या खात्यात जमीन मोजायची साखळी धरायचा. मी त्याला अरे-तुरे करायचो. तो माझ्या वडिलांच्या वयाचा होता, पण तेव्हा ते कोणाला खटकत नसे. मलाही खटकलं नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याला त्याने चार दिवसांची रजा मागितली. कशाला, असं विचारलं तर "नागपूरले जातो," एवढंच म्हणाला. परत आला तो पांढऱ्या धुवट कपड्यांत. कामाला लागताना त्याने मला सांगितलं, "ढोर ओढणं बंद केलं जी. गावाले सांगून देलं."

"मग कोण ओढणार?"

"ज्याचं ढोर, थो ओढील."

मला ते त्याच्या गावाचं प्रकरण वाटलं. आमच्या मोजणीशी त्याचा काही संबंध येईल असं मनात आलं नाही.

दोन-तीन आठवड्यांनी राज्यं नव्याने आखली गेली. आमचं खातं एका दिवसात मुंबई राज्यात आलं आणि नदीपलीकडचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. कालपर्यंत दोन्ही काठांचं सरकार एक होतं, आता बाघ नदी सीमा झाली. सीमा नेमकी पात्राच्या मधून जाते की काठाने, हे आमच्याकडे कोणी सांगू शकत नव्हतं. पट्टीच्या ईशान्य टोकासमोर पात्रात वाळूचं एक मोठं बेट होतं. पाणी उतरलं की ते दोन्ही काठांपासून सारखंच दूर दिसायचं. नव्या नकाशाच्या प्रती आल्या त्यांत आमच्या राज्याची बाजू शाईने भरलेली होती आणि नदीपलीकडे कागद कोरा होता. पण विमानाची उतरायची वाट तर नदी ओलांडून पलीकडे तीन-चार मैल जात होती.

हिवाळ्यात बुळकांडी आली. ढोरं तोंडाला फेस येऊन, हगवणीने गळून मरू लागली. पहिल्या आठवड्यात गावात पाच मेली, मग मोजणं सुटलं. साखळीवाल्याच्या वस्तीतलं कोणीही दोराला हात लावायला गेलं नाही. गावच्या पाटलाने आधी दम दिला, मग विनवलं, मग बैलगाडीला बांधून ढोरं नदीकडे ओढून न्यायला लावली.

"बेटावर टाका," तो गड्यांना सांगत होता. मी काठावर साखळी टाकत होतो, मला ऐकू येत होतं. "तिथं ना ह्या राज्याचा कोणी विचारीन, ना त्या राज्याचा."

पलीकडच्या गावांनीही तोच विचार केला असावा. पौषापर्यंत बेटावर वीस-पंचवीस सांगाडे आणि त्यांच्यात रोज पडणारी ताजी ढोरं असं झालं होतं. आणि गिधाडं आली.

एवढी गिधाडं मी आधी पाहिली नव्हती. पलीकडच्या काठावरची अर्जुनाची झाडं त्यांनी पांढरी करून टाकली. सकाळी ती फांद्यांवर खांदे वर काढून बसलेली असत, म्हाताऱ्यांच्या पंगतीसारखी. ऊन चढलं की एकेक उठे आणि गोल फिरत वर जाई. वरून दुसरी येत. दुपारी बेटावर एक उंच, हळू फिरणारा खांब उभा राही. आमच्या लोकांनी तिकडे पाठ करून जेवायला सुरुवात केली होती.

माझ्या मनात आलं, हा खांब नेमका कुठे उभा आहे ते पाहावं. एका जागेवरून पक्ष्याची उंची निघत नाही. म्हणून मी थिओडोलाइट घेऊन पट्टीच्या टोकाशी थांबलो, आणि कोन मोजायचं साधं यंत्र देऊन साखळीवाल्याला नदीकाठी उभं केलं. त्याने रुमाल हलवला की दोघांनी एकाच गिधाडाचा कोन वाचायचा. त्याला आकडे वाचता येत होते, हे मला त्या दिवशी कळलं. चार दिवस आम्ही हेच केलं. रात्री कागदावर आकृती काढली तेव्हा विमानाची उतरायची वाट त्या खांबाच्या पोटातून जात होती.

मी तक्त्यात हाताने एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं: पक्षी. त्यात जागा, उंची, वेळ भरली.

आमचे साहेब नागपूरहून यायचे. शिस्तीचे, कामात पक्के, माझ्याशी कधी वाईट वागले नव्हते. त्यांनी तक्ता पाहिला आणि चष्मा काढला.

"हा रकाना कुठून आणलात?"

"मी आखला, साहेब."

"अडथळा म्हणजे स्थावर वस्तू. हलत्या गोष्टी लिहायला लागलात तर उद्या ढगही लिहाल." मग त्यांनी विचारलं, "ते बेट आपल्या हद्दीत आहे?"

"माहीत नाही."

"मग ज्या जमिनीचा पत्ता नाही, तिच्यावरचं आकाश आपण कोणत्या अधिकाराने लिहिणार?"

तरी त्यांनी माझं म्हणणं उडवून लावलं नाही. बेट साफ करून घ्यावं म्हणून पलीकडच्या जिल्ह्याला पत्र लिहिलं. दीड महिन्याने हिंदीत उत्तर आलं की उक्त बेट त्या जिल्ह्यातल्या कोणत्याही महसुली गावात येत नाही. आपल्या तहसिलीला विचारलं, तर तिनेही जवळजवळ त्याच शब्दांत तेच कळवलं. दोन राज्यांच्या दोन कचेऱ्यांनी मिळून ते बेट नाही असं ठरवलं होतं. गिधाडं मात्र रोज तिथेच उतरत होती.

फाल्गुनात साहेबांनी तक्त्याची स्वच्छ प्रत करून आणली. माझा रकाना त्यात नव्हता. ईशान्येच्या बाजूसमोर 'निर्वेध' असं लिहिलं होतं. प्रस्ताव पुढे जायचा होता, त्याआधी एकदा विमान उतरवून दाखवायचं होतं, आणि वरून दर दोन दिवसांनी विचारणा होत होती.

"सही करा," साहेब म्हणाले. "पक्ष्यांचं मी तोंडी सांगतो सगळ्यांना."

मी सही केली. टाक दौतीत बुडवताना हात जराही थांबला नाही, हे मला आजही आठवतं.

चाचणीच्या दोन आठवडे आधी वैमानिक पट्टी पाहायला आला. पस्तिशीचा असेल. पूर्वी हवाई दलात होता. त्याचं घर फाळणीत पाकिस्तानात गेलेलं, आता नागपुरात भावाकडे राहायचा. हिंदीत बोलायचा, मराठी समजत होतं. त्याने नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला आणि नदीपलीकडच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"यहाँ क्या है?"

"जंगल."

"कितना ऊँचा?"

मला सांगता आलं नाही. तिकडे मोजायची परवानगीच आली नव्हती. मग मी त्याला काठावर नेऊन बेट दाखवलं. सकाळचे आठ वाजले होते, गिधाडं झाडांवर बसलेली होती. तो बराच वेळ पाहत राहिला.

"ये उठते कब हैं?" त्याने विचारलं.

उत्तर साखळीवाल्याने दिलं. "नऊ वाजल्यावर जी. दगड तापला का उठतेत. सकाळी पंख वल्ले रायतेत, अंग जड रायते. वारा सुटला का मंग काही पाहाचं काम नाही."

वैमानिकाने त्याच्याकडे वळून आणखी चार प्रश्न विचारले, कोणत्या वाऱ्यात ती कुठे जातात, भरल्या पोटी किती उंच जातात. इतक्या आदराने साखळीवाल्याला काही विचारताना मी कोणा अधिकाऱ्याला पाहिलं नव्हतं. मग त्याने ठरवलं की सकाळी सातला यायचं, वारा पडलेला असताना, नैऋत्येकडून, धुराड्यांवरून. नदीकडे जायचंच नाही.

"और अगर देर हो गई?" त्याने स्वतःलाच विचारलं. पट्टीवर रेडिओ नव्हता. म्हणून आम्ही खूण ठरवली. पांढऱ्या कापडाच्या दोन लांब पट्ट्या फुलीसारख्या टाकलेल्या दिसल्या तर गिधाडं वर आहेत, नदीकडून यायचं नाही.

दुपारी तो माझ्याकडे जेवला. माझ्या बायकोने वाळल्या बोरांची आंबट भाजी केली होती, ती त्याने दोनदा मागून घेतली. जाताना दारात उभा राहून म्हणाला, "आपने चार्ट में 'निर्वेध' लिखा है. मैंने पढ़ा." त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

ते मला लागलं. चाचणीच्या चार दिवस आधी मी साखळीवाल्याला बाजूला घेतलं.

"तुझ्या वस्तीतली माणसं घे आणि बेट साफ कर. एकदाच. गावाचं काम नाही, सरकारी काम समज."

तो साखळी गुंडाळत होता. हात थांबला नाही.

"साहेब, माह्या बापानं ओढलं, त्याच्या बापानं ओढलं. त्यायलेई दरवेळी एकदाच म्हणत होते."

साखळी पूर्ण गुंडाळून त्याने खाली ठेवली. "तुमच्या हाताले काय झालं जी?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी दोर, फावडं आणि चुन्याचं पोतं घेऊन बेटावर गेलो. मोजणीवाल्यांपैकी एकही माणूस बरोबर यायला तयार नव्हता. पाणी घोट्याएवढं होतं. वास असा होता की तोंडाने श्वास घेतला तर तो जिभेवर बसायचा. गिधाडं दहा-बारा हातांवर सरकली आणि तिथेच उभी राहिली. उडालीही नाहीत. मी एका बैलाच्या पुढच्या पायाला दोर बांधून ओढायला लागलो आणि तिथेच ओकलो.

तेव्हा साखळीवाला काठावर येऊन बसलेला दिसला. तो कधी आला ते कळलं नव्हतं.

"मागच्या पायाले बांधा," तो तिथून म्हणाला. "पुढच्या पायाले बांधला का मान अडकते. अन्‌ वाऱ्याकडे पाठ करा."

त्याने सांगितल्याप्रमाणे केलं तेव्हा बैल हलला. खड्डा कुठे घ्यायचा, किती खोल, चुना कधी टाकायचा, सगळं तो सांगत होता. दोराला मात्र त्याने बोट लावलं नाही आणि मीही पुन्हा म्हटलं नाही. दुपारपर्यंत मी दोन ढोरं पुरली. कमरेत उभं राहायचं बळ नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहो करू लागलो. इथे पुढेही तसंच लिहितो.

तिसऱ्या खड्ड्याला लागलो तर पलीकडच्या काठाने जंगल खात्याचा नाकेदार आला.

"किसके हुकुम से खोद रहे हो?"

मी सांगितलं, विमान येणार आहे, म्हणून.

"ये मध्य प्रदेश की ज़मीन है."

"तुमच्या जिल्ह्याने लेखी दिलंय, हे बेट तुमचं नाही."

"लिखा होगा," तो म्हणाला. "खोदना मना है." त्याने माझं फावडं उचलून खांद्यावर टाकलं आणि तो निघून गेला. मी काठावर पोचायच्या आत गिधाडं अर्धवट खड्ड्याभोवती उतरली होती.

तक्त्यावरची सही मागे घ्यावी असं मला त्या संध्याकाळी वाटलं. पत्राचा मायनाही लिहिला. मग विचार केला की सातला येणार आहे, नैऋत्येकडून येणार आहे, वैमानिक शहाणा आहे. कागद घडी करून खिशात ठेवला.

चाचणीच्या दिवशी सहालाच पट्टीवर गर्दी होती. साहेब, पाटील, आसपासच्या गावांचे लोक. वारा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला निमूट लटकत होती. हवा थंड होती, गिधाडं झाडांवर होती. विमान उतरवायला याहून चांगली वेळ नव्हती. सात वाजले. आठ वाजले. साडेआठला गोंदियाहून सायकलवर तार आली की विमानातून एक मोठे पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासाठी नागपुरात थांबलो आहोत.

नऊनंतर पिशवी हलली. मी काठाकडे पाहिलं. पहिलं गिधाड उठलं, मग तीन, मग झाडंच्या झाडं. साखळीवाले माझ्या शेजारी उभे होते. ते मोजत होते. थोड्या वेळाने त्यांनी मोजणं सोडलं. दहापर्यंत पश्चिमेचा गरम वारा असा सुटला की पिशवी नळीसारखी ताठ झाली.

आम्ही दोघांनी कापडाच्या पट्ट्या आणल्या आणि पट्टीच्या मध्यावर फुली टाकून कडेला दगड ठेवले. साहेब धावत आले.

"हे काय? फुली म्हणजे पट्टी बंद. पाहुणे आहेत विमानात. उचला."

"साहेब, नदीवर बघा."

त्यांनी पाहिलं. ते आंधळे नव्हते. "नैऋत्येकडून आला तर हा सगळा वारा त्याच्या पाठीत बसेल. पट्टी पुरणार नाही. तिकडच्या बांधावर जाऊन आदळला तर? सांगा ना."

ते चुकीचं बोलत नव्हते. फुली पाहून तो उतरलाच नसता, परत नागपूरला गेला असता, ही सरळ गोष्ट मला फार उशिरा सुचली. तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. गर्दी ओरडायला लागली. साहेब पुन्हा म्हणाले, उचला. मी एका पट्टीचं टोक उचललं. दुसरं टोक साखळीवाल्यांच्या हातात होतं, ते सोडीनात.

"सोडा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सोडलं. एक पट्टी मी गोळा केली. दुसरी उचलायला वाकलो तेव्हा विमान डोक्यावरून गेलं.

ते दोन इंजिनांचं लहान विमान होतं. एक फेरी घेऊन ते नदीपलीकडे गेलं, रानावर बरंच खाली आलं आणि आमच्याकडे वळलं. दुरून ते जागच्या जागी थांबल्यासारखं दिसत होतं. गिधाडं त्याच्या वर होती, खाली होती. एक क्षण वाटलं की ते मधून निघालं. मग नाक एकदम खाली गेलं आणि पुन्हा वर आलं. आवाज त्यानंतर आला, ओलं घोंगडं दगडावर आपटल्यासारखा. विमान वाकडं होत पट्टीच्या बाहेर टेकलं, धानाच्या बांधीत घुसलं आणि तिच्या मातीच्या धुऱ्यावर एक पंख मोडून आडवं थांबलं. आग लागली नाही.

वैमानिकाबरोबर आलेला मेकॅनिक मोडलेला हात धरून स्वतःच बाहेर आला. वैमानिक जागेवर बसून होता. पुढची काच नव्हती. चेहऱ्यावर रक्त आणि बारीक पिसं चिकटली होती, डाव्या डोळ्याच्या जागी काय आहे ते कळत नव्हतं. साखळीवाल्यांनी आणि मी त्याला उचलून खाली घेतलं. त्याने आधी मेकॅनिकची चौकशी केली. मग माझा आवाज ओळखून विचारलं, "दूसरा कपड़ा कहाँ था? मुझे एक ही दिखा."

मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो.

मागची जागा रिकामी होती. पाहुणे आलेच नव्हते.

महिन्याभराने गोंदियाच्या विश्रामगृहात चौकशी बसली. तीन अधिकारी होते. पाटलाने हात जोडून सांगितलं, "ह्या लोकायनं ढोर ओढणं सोडलं, म्हून हे सारं झालं." ते तिघांनाही पटल्यासारखं वाटलं. सोपं होतं, आणि कोणत्याही कचेरीकडे बोट जात नव्हतं. साखळीवाल्यांना आत बोलावलं. ते दाराशीच उभे राहिले.

"तुम्ही काम का सोडलं?"

"ढोर माहे नव्हते जी," ते म्हणाले.

लिहिणाऱ्या कारकुनाने ते लिहिलं नाही. तेव्हा मी उठलो. माझा पहिला, हाताने रकाना आखलेला तक्ता मी जपून ठेवला होता. तो टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "बेटावर गिधाडं आहेत हे मी लिहिलं होतं. ह्यांनीच माझ्याबरोबर मोजली. दुसऱ्या तक्त्यावर निर्वेध लिहिलंय, तीही माझीच सही आहे. आणि पट्टीवर फुली टाकली होती. साहेबांनी उचला म्हटलं, मी उचलली." साहेब खाली पाहत राहिले. त्यांनी नाही म्हटलं नाही.

अहवालात साखळीवाल्यांच्या वस्तीचं नाव आलं नाही, एवढं झालं. माझा तक्ताही आला नाही. पक्ष्याची धडक, प्रसंग अकल्पित, असं लिहून आलं. विमानतळाचा प्रस्ताव दोन्ही राज्यांची एकत्र बैठक होईपर्यंत ठेवून दिला. ती बैठक माझ्या नोकरीत झाली नाही. माझी बदली चिचगडला जंगलातल्या रस्त्यांवर झाली.

विश्रामगृहाच्या पायरीवर साखळीवाले थांबले होते. मला वाटलं ते काही चांगलं बोलतील.

"हे थ्या दिवशी बोलाचं होतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

चिचगडला जाण्याआधी मी नागपूरला दवाखान्यात गेलो. वैमानिकाचा डावा डोळा काढला होता. उजव्याने उजेड-अंधार कळे, पुढे बरं होईल असं डॉक्टर म्हणत होते. मी खाटेशेजारी बसून त्याला सगळं सांगितलं, कापडाचं, सहीचं, खिशात राहिलेल्या पत्राचंही. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग तोंड भिंतीकडे केलं. परिचारिकेने वेळ संपली म्हटलं तेव्हा मी उठलो.

पावसाळ्यात परत गेलो तर खाटेवर दुसरा माणूस होता. भाऊ येऊन घेऊन गेला, कुठे ते माहीत नाही, असं वॉर्डातल्या माणसाने सांगितलं. मी रजिस्टर पाहायला मागितलं. त्यात जाण्याची नोंद होती, पुढचा पत्ता नव्हता. संध्याकाळच्या गाडीने मी गोंदियाला आलो आणि सकाळी चिचगडच्या कामावर हजर झालो.